खुर्चीतले खापरपणजोबा

३ मार्च
इंग्रज साहेबाने माझ्या खापरपणजोबांना स्वतःच्या खुर्चीत बसवून फोटो का काढून घेतला असेल? मला माहीत नाही. ते साहेबाच्या हाताखाली जमीन मोजायची साखळी ओढत, एवढंच आत्याला ठाऊक आहे. पण मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मी छडा लावणार. घराण्याचा इतिहास महिन्याभरात तयार.

५ मार्च
जुनी ट्रंक उपसली. तीन किल्ल्या, एकही कुलूप नाही. म्हणजे पुरावा एकच, भिंतीवरचा फोटो. त्याच्यामागे स्टुडिओचं नाव असणारच. बाबा म्हणाले, "जपून गं, एकच आहे." मी म्हटलं, "बाबा, मी शिकलेली आहे."

६ मार्च
फोटो फ्रेममधून काढला. मागे काहीच लिहिलेलं नाही. पुढे मात्र शंभर वर्षांचा धूर, चेहरा कसाबसा दिसतो. म्हटलं, आधी स्वच्छ करू, मग मोबाइलवर फोटो घेऊ. ओलं फडकं अगदी हलक्या हाताने फिरवलं.

संध्याकाळ. चेहरा किंचित फिका झाला आहे.

७ मार्च
चेहरा नाही. खुर्ची छान उजळली आहे.

९ मार्च
बाबा रोज रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारतात, "आमचे म्हातारबुवा कधी येणार?" मी सांगते, स्कॅनिंगला गेलेत. कपाटात साड्यांखाली आहेत, हे सांगत नाही. जेवण जात नाही. आईला वाटतं, अभ्यास फार होतोय.

१२ मार्च
उपाय सापडला. रक्त एकच, तेव्हा चेहराही साधारण तोच. बाबांच्या लग्नाच्या फोटोतला चेहरा घेतला, अ‍ॅपमध्ये पिवळट केला, मिशी लावली आणि पुसलेल्या जागी बसवला. ही फसवणूक नव्हे, अंदाज आहे. संशोधनात अंदाज चालतो.

१३ मार्च
नवा फोटो लावला. बाबा किती तरी वेळ समोर उभे. मग म्हणाले, "लहानपणापासून सगळे म्हणायचे, हा कुणावर गेलाय कोण जाणे. बघ, मी यांच्यावर गेलोय!" डोळे पुसले. मी पाणी प्यायला आत गेले, ते आतच राहिले.

२१ मार्च
बाबा मिशी वाढवताहेत. कामावर सगळ्यांना सांगून झालं. शेजारच्या काकूंना हाताला धरून आणलं, भिंतीशी उभे राहून विचारलं, "काही दिसतंय का?" काकू म्हणाल्या, "डिट्टो!" आई म्हणाली, "आता खुर्चीतून उठायचे नाहीत हे." इतिहासाचं एक पानही लिहून झालेलं नाही.

२८ मार्च
उद्या आत्या येणार. बाबांच्या लग्नाचा अल्बम तिला तोंडपाठ आहे. बाबांनी तिला फोनवर सांगितलं, "ये तर खरी, तुला एक गंमत दाखवतो." तिच्यासमोर त्यांचं तोंड कसं होईल, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

२९ मार्च
आत्या यायच्या आधीच बाबांना बसवून सगळं सांगितलं. दोन्ही फोटो समोर ठेवले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते मिशीवर बोट फिरवत राहिले. मग विचारलं, "मग ही काढू?"
मी म्हटलं, "राहू दे ना, बाबा."
"कुणासारखी म्हणून?"
मी पुसलेला फोटो त्यांच्या हातात दिला. तो निरखत ते म्हणाले, "बसलेत मात्र ऐटीत."

पुसलेला फोटो परत त्याच खिळ्यावर लावला आहे. घराण्याच्या इतिहासाचं पहिलं पानही लिहून फ्रेमखाली चिकटवलं आहे. एकच वाक्य: चेहरा मी पुसला.