वस्तरे बंद झाले त्या दिवशी

प्रिय बाई,

काल ड्यूटीवरून घरी आले तोच तुमच्या लेकीचा फोन आला. ती काय म्हणाली ते मागाहून लिहिते. आधी वॉर्डाची खबर, कारण ती दिल्याशिवाय तुम्ही माझं दुसरं काही ऐकून घेणार नाही.

वॉर्ड ठीक चाललाय. नव्या मुली चुणचुणीत आहेत. सलाईनची सुई लावलेली जागा रोज सकाळी बघायची आणि गरज संपली की सुई त्याच दिवशी काढायची, असा आता नियमच केलाय. लघवीच्या नळीचंही तसंच. ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याकडे मी तुमच्यासारखी नुसती बघते. तेवढ्याने भागतं.

हे सगळं कुणी सुरू केलं, असं मुली विचारतात तेव्हा मी त्यांना वस्तऱ्यांची गोष्ट सांगते. अर्धीच सांगते.

तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आपण पेशंटचे केस वस्तऱ्याने काढायचो. तुमचा हात इतका हलका की पेशंटला डुलकी लागायची. मी प्रशिक्षणाहून नुकतीच परतले होते, चार बुकं जास्त शिकल्याच्या तोऱ्यात. तिथून आणलेले संशोधनाचे कागद तुमच्या टेबलावर ठेवले. वस्तऱ्याने कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, त्यात जंतू वाढतात, जखमा पिकतात. केस आड येत नसतील तर काढूच नयेत, आलेच तर ऑपरेशनच्या थोडं आधी मशीनने कापावेत, असं त्यात होतं. आता माझी खरडपट्टी निघणार, असं मी धरूनच चालले होते. तुम्ही चष्मा लावलात, सगळं वाचलंत, आणि पुन्हा पहिल्या पानावर गेलात. मग हळूच विचारलंत, “हे आधीपासून कुणाला माहीत होतं?” मी म्हटलं, काही ठिकाणी होतं, आपल्यापर्यंत पोचलं नव्हतं. तुम्ही उठून कपडे बदलायच्या खोलीत गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळे वस्तरे गोळा करून तुम्ही फेकायला दिलेत. मोठे सर्जन तणतणत आले. इतकी वर्षं काय बिघडलं, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, “बिघडत होतं, साहेब. आपल्याला दिसत नव्हतं.” पुढे पिकलेल्या जखमांचे पेशंट कमी होत गेले, तसे तेही निवळले.

मला वाटायचं, बाई शिस्तीच्या म्हणून इतक्या पटकन बदलल्या. नंतर एकदा वॉर्डातल्या जुन्या मावशींनी सांगितलं. मी वॉर्डात येण्याआधी तुमच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन आपल्याच इथे झालं होतं. त्यांचे केस तुम्ही स्वतः काढलेत, दुसऱ्या कुणाचा जड हात लागायला नको म्हणून. जखम पिकली, विष रक्तात भिनलं, आणि ते घरी परतले नाहीत. त्या खोलीत तुम्ही एकट्या कशाला बसला होतात, ते मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी हा विषय तुमच्याजवळ कधी काढला नाही.

आज काढते, कारण पित्ताशयाचं ऑपरेशन तुम्ही नाकारलंय. आता थांबलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगूनही. लेकीला तुम्ही म्हणालात, “त्यांचं झालं तसं माझं झालं तर फिट्टंफाट होईल.” हे सांगताना ती रडत होती. बाई, संशोधन शेकडो माणसांचं सांगतं, त्यातल्या एकाचं नेमकं काय झालं ते नाही सांगत. त्यांची जखम वस्तऱ्यामुळेच पिकली, असं कुणीच छातीठोकपणे म्हणू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही. तेव्हा जे ठाऊक होतं, ते तुम्ही जीव लावून केलंत. नवं कळलं, तेव्हा एक दिवसही थांबला नाहीत. नर्सने याहून जास्त काय करायचं? खिडकीजवळची खाट मी तुमच्यासाठी धरून ठेवलीये. लेकीला आजच होकार द्या. विद्यार्थिनी म्हणून विनवते, आणि नाहीच ऐकलंत तर वॉर्डाची इन्चार्ज म्हणून हुकूम करते. सोमवारी सकाळी भरती व्हायला या, मी हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभी असेन.

तुमचीच,
तुम्ही नाव ठेवलेली
धांदरट