सानिकाच्या बुटांवरची माती

मंगळवार, संध्याकाळचे सात

सानिकाच्या पांढऱ्या बुटांना लाल माती कुठून लागली? म्हणते, क्लासवरून थेट घरी आले. क्लास अंधेरी स्टेशनला लागून, तिथे सगळीकडे पेव्हर ब्लॉक. माती येणार कुठून?

विचारलं तर म्हणाली, "मम्मी, तू ना उगाच शक घेतेस यार." पंधरा वर्षांची पोर, नजरेला नजर देत नव्हती.

परवा पालकसभेत समुपदेशक बाई सांगत होत्या, या वयात मेंदूला थरार हवा असतो, पण धोका तोलणारा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून ओरडू नका, विचारा. मला ती सोयीची पळवाट वाटली. आम्ही काय मोठा मेंदू घेऊन जन्मलो होतो?

तरी ओरडले नाही. दळण आणायला यांची स्कूटर काढली, तर हेल्मेटचा पट्टा माझ्या हनुवटीखाली लागेना. कुणीतरी लहान केलेला. आणि चाकांना तीच लाल माती.

तशीच हेल्मेट हातात घेऊन वर आले. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, आरेच्या जंगलात आतल्या कच्च्या रस्त्याला कुणी नसतं. एकच राउंड मारू दिला. तीच मागे लागली होती."

आतून सानिका ओरडली, "पप्पाच म्हणाले, मम्मीला सांगू नको."

एका राउंडला चाकांवर एवढी माती?

तिचा मेंदू अजून घडतोय, मान्य. बाईंनी पंचविशी सांगितली होती. हे सत्तेचाळीसचे आहेत.