कानाने घेतलेले चाकू

अण्णा,

मी आता तुमच्याहून म्हातारा झालो आहे. ज्या वयात तुम्ही गेलात ते वय मागे टाकून इथे अबुधाबीत, लेकीच्या घरी, उंचावरच्या एका खिडकीशी बसलोय. समोर इमारतींच्या फटीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते आणि दुपारभर काही काम नसतं. अशा वेळी मला शाळेतल्या कविता आठवतात, चालीसकट. कविता आठवली की पाठोपाठ तुमचा चाकू आठवतो. आज वाटलं, त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगावं. म्हणजे तुमच्या चाकूचं नाही. त्याच्यासारखे दिसणारे चाकू मी दुबईत अल कुसैसच्या घरात जमवले होते, त्यांचं.

लढाई संपवून इटलीतून परत आलात ते तुम्ही हा चाकू घेऊन. शिंगाची मूठ, निमुळतं लांब पातं, मुठीवर बारीकसं पितळी बटन. गावात लोक त्याला भीत. तुम्ही मात्र शाळेत मास्तर झालात आणि त्याने पोरांच्या पेन्सिलींना टोकं काढायला लागलात. चौथीचा वर्ग आहे, तुम्ही खुर्चीत बसला आहात, टेबलावर बोथट पेन्सिलींचा ढीग. तुम्ही बटन दाबता, खट्! त्या आवाजावर आख्ख्या वर्गाने कविता सुरू करायची आणि टोक निघालं की गप्प व्हायचं. पेन्सिल चांगली निघाली तर दोन कडव्यांत आटपायचं. शिसं मोडत राहिलं तर कविता संपून पुन्हा पहिल्यापासून. मी मुद्दाम शिसं मोडलेली पेन्सिल नेत असे. तुम्हाला ते कळत होतं की नाही कोण जाणे, पण माझी पेन्सिल हातात घेतली की तुम्ही खुर्ची जरा मागे सरकवून बसायचात.

एकदा तुम्ही पडवीत हात धूत होतात आणि मी खुंटीवरच्या कोटातून चाकू काढून बटन दाबलं. पातं सुटलं तसा मी दचकून भिंतीलाच टेकलो. तुम्ही मारलं नाहीत. ओल्या हातांनी समोर येऊन उभे राहिलात. "उघडतो कुणीही. आता मिटून दाखव." मला मिटता येईना. आई आतून म्हणतेय, "अहो, ताट वाढलंय, पोर उपाशी आहे," आणि तुम्ही म्हणताय, "बोट गेलं तर जेवणार कशाने?" मग माझा अंगठा धरून दाखवलंत. आधी मुठीच्या टोकाची पितळी पट्टी उचलायची, मग पातं, सावकाश. तुमच्या हाताला साबणाचा वास होता.

तुम्ही गेलात तेव्हा मी दुबईत होतो. पासपोर्ट कंपनीकडे जमा, साहेब रजेवर. पासपोर्ट हातात येऊन मी घरी पोचेपर्यंत तेरावा उरकला होता. दादाने भटजींना दान दिलं: छत्री, चपला, तांब्या आणि तुमचा चाकू.

"चाकू?" मी विचारलं.

"अरे, सुपारी कातरायला होईल त्यांना," दादा म्हणाला. "आणि घरात लहान पोरं. कशाला ती ब्याद?"

दान दिलेलं परत मागता येत नाही. मी बरं म्हटलं. सगळे माझ्याकडे बघत होते, परदेशातून आलेला धाकटा आता कोसळेल म्हणून. मामींनी पाण्याचा तांब्यासुद्धा तयार ठेवला होता. मी ते पाणी प्यायलो आणि परतीच्या एसटीची चौकशी केली. मला रडू आलं नाही, अण्णा. विमानात नाही, ऑफिसात नाही, नंतरही नाही. जीभ पोळल्यावर दोन दिवस कशाचीच चव लागत नाही ना, तसं काहीतरी झालं, आणि ते दोन दिवस संपलेच नाहीत.

मग काही वर्षांनी, नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा, शारजात एका गल्लीतल्या दुकानाच्या काचेआड तुमचा चाकू दिसला. तीच मूठ, तेच पितळ. दुकानदार पेशावरकडचा खानसाहेब, दाढीला मेंदी लावलेला, कायम चहा पिणारा. मी विचारलं, "बहुत पुराना है?"

"पुराना नहीं है साब, पुराने जैसा है," तो म्हणाला. "इटली का नमूना है, नया माल. पुराना चाहिए तो म्यूझियम जाओ."

मूठ शिंगाची नव्हतीच, शिंगासारखं दिसणारं प्लास्टिक होतं. तरी घेतला. पुढच्या महिन्यात दुसरा घेतला. मग काळ्या मुठीचा, मग खोट्या शिंपल्याचा, मग एक एवढा लांब की खिशात मावेना. प्रत्येक वेळी मी दुकानात बटन दाबून डोळे मिटून घेत असे. खानसाहेब शेजाऱ्याला म्हणायचा, "देखो, लोग धार देखते हैं, ये बाबूजी कान से खरीदते हैं!" मी त्याला सांगितलं होतं की वडिलांच्या चाकूचा आवाज शोधतोय. घरीही तेच सांगितलं होतं. त्या आवाजाने तरी माझ्या आत काही हलेल, एवढीच आशा होती. लेक तेव्हा शाळेत होती. ती बिस्किटांच्या डब्यातले माझे चाकू बघून म्हणायची, "बट बाबा, दे आर फेक ओल्ड! रिअल ओल्ड का नाही घेत?" मी म्हणायचो, "रिअल ओल्ड मी आहे ना." ती हसायची. तिला तुम्ही फक्त फोटोतले माहीत.

अल कुसैसच्या त्या दोन खोल्यांत आम्ही खंडेनवमी अगदी रीतसर करायचो. पाटावर हिची विळी, माझा कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, लेकीची कंपास पेटी. एका वर्षी मी माझे सगळे चाकू उघडून त्या पाटावर मांडले. शस्त्रंच ती, त्यांचा मान पहिला. हिने हात राखून कधी काही केलेलं नाही. ओलं हळदकुंकू, वर मूठमूठ अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, पळीभर पाणी. दसऱ्याला मी चाकू मिटले, पुसले, डब्यात ठेवले. आठवड्याने बटनं दाबली तर एकही उघडेना. अक्षतांचे दाणे खाचेत फुगून बसले होते आणि कुंकवाचा चिखल स्प्रिंगेत वाळला होता.

त्यातला एक मी दुरुस्तीला म्हणून गाडीत टाकून शारजाला निघालो. वाटेत पोलिसांची तपासणी. डॅशबोर्डचा कप्पा उघडायला लावला आणि त्या तरुण पोलिसाने चाकू उचलला. "शू हादा?" हे काय म्हणून. असला चाकू गाडीत घेऊन फिरणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. व्हिसा, नोकरी, लेकीची शाळा, सगळं त्याच्या अंगठ्याखाली होतं. त्याने बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग त्याने चाकू तळहातावर आपटला, तर खाचेतून लाल झालेला तांदळाचा दाणा पडला. तो बघतच राहिला.

"तेरा छुरी चावल खाता है?" तो हिंदीत म्हणाला.

"फेस्टिव्हल है सर. पूजा किया. अभी खराब है."

तो इतका हसला की त्याने जोडीदाराला हाक मारून तो दाणा दाखवला. मग चाकू माझ्या मांडीवर टाकला. "खलास. दुबारा नहीं. यल्ला, जाओ."

घरी येऊन मी हे गंमत म्हणून सांगितलं. ही ओट्याशी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. हळूहळू खालीच बसली, पिठाच्या हातांनी.

"तुम्हाला परत पाठवलं असतं. आपल्याला सगळ्यांना."

"हो."

"भीती वाटली का तुम्हाला?"

मी खरं बोललो. नाही वाटली.

"अण्णा गेले तेव्हाही असेच होतात तुम्ही," ती म्हणाली. "मला वाटलं, पुरुषांचं असतं एकेकाचं. पण हे बरोबर नाही हो. जे जाऊ शकतं त्याची भीती वाटायला पाहिजे माणसाला. आमची तरी." तव्यावरची पोळी करपत होती. मी गॅस बंद केला. तिने पदराने नाक पुसलं, गालाला पीठ लागलं. मला दिसत होतं की आता तिच्या शेजारी बसायला हवं. मी बसलोही. पण ते पाठ केलेलं कडवं म्हणावं तसं बसलो.

दुसऱ्याच दिवशी ही माझ्यासोबत टॅक्सीत बसली, डबा मांडीवर घेऊन, आणि चाकू परत द्यायला शारजाला आली. दुकानाबाहेर उभी राहिली. खानसाहेबाने एकेक चाकू सुईने कोरला, तेल सोडलं, बटन दाबून पाहिलं. खट्, खट्, खट्. त्याने उघडायचे आणि मी मिटायचे. पट्टी उचलायची, मग पातं, सावकाश. "एक तो रख लो बाबूजी, वालिद साब की याद में," तो म्हणाला. मी दाराकडे पाहिलं. ही पाठ करून उभी होती, उन्हात, पर्स छातीशी धरून. मी म्हटलं, नको. त्यानंतर मी कधीच चाकू घेतला नाही. ही जाऊन आता चौथं वर्ष. तेव्हाही पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता कुणीतरी.

मघाशी लेक ऑफिसातून आली, डोकावून म्हणाली, "हूम आर यू रायटिंग टू, बाबा?" मी म्हटलं, कुणाला नाही, असंच. ती चहा ठेवायला गेली. हे कागद पाकिटात जाणार नाहीत. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. आवाज शोधतोय असं मी सगळ्यांना सांगत होतो, हिलासुद्धा. पण तो पहिल्याच चाकूत सापडला होता. तुमचाच, हुबेहूब. दुकानात बटन दाबून मी डोळे मिटले आणि वर्ग कविता सुरू करेल म्हणून थांबलो. बराच वेळ थांबलो. मग डोळे उघडले आणि खानसाहेबाला म्हणालो, दुसरा दाखवा.