पंप बंद असेपर्यंत

४ फेब्रुवारी

खोली एकटीची मिळणार होती. संस्थेने तसं लेखी दिलं होतं — स्वतंत्र खोली, आतून कडी. कडी आहे. पण आत, दाराला लागून मावशीची लेक झोपते. चटई अशी टाकते की मला बाहेर जायचं तर आधी तिला उठवावं लागतं. स्वयंपाकघरात का झोपत नाही, असं विचारलं, तर मावशी म्हणाली, तिथे धूर कोंडतो. झोपायच्या वेळेला कसला धूर? चूल तर कधीच विझलेली असते.

मावशी म्हणजे घरमालकीण. नवरा नाही. तिचं नाव मला नीट उच्चारता येईना, तेव्हा तिनेच सांगितलं, मावशी म्हण, जीभ दुखायची नाही. लेकीचं लग्न झालंय, माहेरी आलीय. कधी परत जाणार ते कोणी बोलत नाही आणि मीही विचारत नाही. मला काय करायचंय? मी इतक्या लांब पंप दुरुस्त करायला आले आहे.

६ फेब्रुवारी

दोन माणसं अंगणात येऊन बसली. लेकीचा सासरा आणि दीर. माझा देश कोणता, वडील काय करतात, घरच्यांनी एकटीला कसं सोडलं — नेहमीचे प्रश्न. सासरा फार गोड बोलतो. चहा घेतला आणि गेले. मलाच बघायला आले असणार. सगळे येतात. गावप्रमुख तर पाहुण्यांना फिरवून दाखवतात — आधी शाळेचं नवं छप्पर, मग मी.

लेक तोवर बाहेर आली नाही. ते गेल्यावर मावशीने मला न मागता आणखी एक चहा दिला. इतका गोड की चमचा उभा राहावा.

९ फेब्रुवारी

अखेर पंप बघितला. पंपघर मावशीच्या परसामागे, ओढ्याच्या काठाला. डिझेल इंजिन, त्याला जोडलेला पंप, वर टेकडीवर टाकी. इंजिन जुनं पण धडधाकट. पंपाचे बेअरिंग गेलेले, ओढ्यात बुडवलेल्या पाइपाच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह गाळाने भरलेला. यात अवघड असं काहीच नाही! हे काम गावातच कोणीही करू शकलं असतं. पण वाट बघत बसायची सवय लागलीय सगळ्यांना.

संस्थेचा नियम: पंप सलग महिनाभर चालला की काम संपलं, गाडी येऊन मला पुढच्या गावाला नेणार. मध्ये एकदा जरी बंद पडला तरी महिना पुन्हा पहिल्यापासून. नियम मला आवडला. चोख आहे.

पंपवाला पन्नाशीचा. इंजिनाला आईबहिणीवरून शिव्या दिल्याशिवाय हँडल मारत नाही. मी समोर आहे हे आठवलं की "माफ करा बाई" म्हणतो, इंजिनाला नाही, मला. पंप बंद असला की गावात येणारा पाण्याचा टँकर त्याच्या मेहुण्याचा आहे. लक्षात ठेवते.

१३ फेब्रुवारी

टँकरपाशी बायका रांगेत उभ्या होत्या. मला बघून एक म्हणाली, ही इंजिनाशीच लग्न लावणार. दुसरी म्हणाली, बरंय की, बंद पडलं तर लाथ घालता येते. सगळ्या खदाखदा हसल्या. मावशीची लेकही हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. मला त्यांची भरभर बोली कळत नाही असं अजून त्यांना वाटतं. वाटू दे.

२१ फेब्रुवारी

पंप सुरू झाला. टाकीत पाणी पडल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. गावप्रमुखांनी भाषण केलं, त्यात माझ्या देशाचं नाव चुकीचं घेतलं.

रात्री जेवताना मावशीने विचारलं, आता कधी बंद पडणार? हा काय प्रश्न! तरी नीट समजावलं. पंप पाणी ओढतो तो हवा न घेता. ओढणाऱ्या पाइपावर मी दाब दाखवणारा एक गेज बसवलाय, त्याला पितळेचा एवढासा नट आहे. तो जरी सैल झाला तरी हवा आत जाते, आणि मग इंजिन नुसतं बोंबलत राहतं, पाणी चढत नाही. मावशी ताटं उचलत होती. ऐकत होती की नाही, कोण जाणे. उगाच तोंडाची वाफ दवडली.

२५ फेब्रुवारी

पंपाने हवा धरली. नट सैल होता. माझीच चूक असेल, कमी आवळला असेल. पण मी कमी आवळत नाही.

२ मार्च

पुन्हा तेच. इंजिनाच्या थरथरीने सैल होत असेल म्हणून नटाखाली वॉशर घातला. शिवाय नट आणि पाइप यांच्यावरून निळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली. नट आपोआप फिरला तर रेघ किंचित सरकेल. कोणी फिरवला तर तुटेल.

महिना पुन्हा पहिल्यापासून.

८ मार्च

रेघ तुटली आहे.

राग आला असं म्हणता येणार नाही, घाण वाटली. पंपघराच्या किल्ल्या दोनच. एक मावशीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते, माझी. दुसरी पंपवाल्याकडे. पंप बंद की टँकर चालू, आणि टँकर मेहुण्याचा. यात आणखी कशाचा शोध घ्यायचा?

९ मार्च

गावप्रमुखांना सांगितलं. पुरावा दाखवला. त्यांनी पंपवाल्याला सगळ्यांसमोर बोलावलं. तो आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. शपथा घेतल्या नाहीत, आरडाओरडा नाही. किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"बाई, तुम्ही चार दिवसांच्या. मला इथंच मरायचंय," म्हणाला. "हा डाग घेऊन."

मी किल्ली उचलली. आता दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. गावप्रमुखांचा पुतण्या पुढच्या आठवड्यापासून येणार, तोवर इंजिन मी चालवणार.

१० मार्च

पंपवाल्याची बायको रोज दारावरून जाताना हाक मारायची. आज मान वळवून गेली. मावशीने दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. तिचा तो कोणी लागतो की काय? या गावात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात. परकी मी एकटी.

१५ मार्च

पंप बंद. नट सैल. नवी रेघही तुटली.

दोन्ही किल्ल्या याच घरात आहेत.

नट काढून उजेडात धरला. पान्याने फिरवलेल्या नटाचे कोपरे असे होत नाहीत. कशाने तरी चिमटून, घसरत घसरत फिरवलाय. पितळ खरवडलंय, वर काजळी. स्वयंपाकघरात गेले. सांडशी चुलीशेजारी होती. तिच्या तोंडाला निळा रंग.

१६ मार्च

काल पुढचं लिहिता आलं नाही, आज लिहिते.

मावशी भांडी घासत होती. मी सांडशी तिच्यासमोर ठेवली. ती नाही म्हणाली नाही. हातातलं भांडं पूर्ण घासलं, विसळलं, पालथं घातलं, मग बोलली.

लेक सहा महिन्यांपूर्वी पळून आली. सासरच्यांनी दोनदा ओढत नेली, दोनदा ती पुन्हा पळून आली. दुसऱ्यांदा नेली तेव्हा गावप्रमुखही मध्ये होते, घरचा मामला आहे म्हणाले. तिसऱ्यांदा न्यायला आले तेव्हा अंगणात मी बसले होते. परदेशी बाई. लिहून घेणारी, ऑफिसला फोन करणारी. माझ्यासमोर हात टाकायची त्यांची हिंमत झाली नाही. चहा पिऊन गेले.

मला बघायला आले होते, असं मी वर लिहिलंय. किती सहज लिहिलंय!

मावशीने घरात पाहुणी ठेवायला स्वतःहून मागून घेतलं होतं. लेकीला माझ्या खोलीत झोपवलं ते त्यासाठीच. धूर वगैरे काही नाही.

मी म्हटलं, पाणी सगळ्या गावाचं आहे. तुम्ही गावाचं पाणी तोडलंत.

"गावाला टँकर आहे," ती म्हणाली. "माझ्या पोरीला कोण आहे?"

आणि पंपवाला? त्याचं काय?

यावर मात्र ती रडली. तो तिचा मानलेला भाऊ निघाला. तिने मला थांबवलं का नाही, असं मी विचारलं. म्हणाली, "तोंड उघडलं असतं तर तू गेली असतीस. पोर की भाऊ, मला एकच राखता येत होतं."

मी तिला मला आधी का सांगितलं नाही, असंही विचारलं. तिने डोळे पुसले आणि खरंच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "तुला? पोरी, तू तर आम्ही जेवलो का हेही कधी विचारलं नाहीस."

१७ मार्च

गेज काढून टाकला. तिथलं भोक प्लग वेल्ड करून बंद केलं. आता सांडशीने काय, पान्यानेही उघडणार नाही. मला जे येतं ते मी केलं. बाकीचं माझ्या कामात बसत नाही.

१९ मार्च

गावप्रमुखांना भेटले. पंपवाल्याचा दोष नव्हता, मी चुकले, त्याला परत घ्या. मग कोणी केलं, ते विचारू लागले. सांगितलं नाही. त्यावर म्हणाले, तुम्ही म्हणाल तेव्हा काढायचा, म्हणाल तेव्हा घ्यायचा, गावाला काही किंमत आहे की नाही? पुतण्या कालपासून कामावर आलाय. इंजिनावर पाय ठेवून फोटो काढून घेत होता.

पंपवाल्याच्या घरी गेले. तो दारात उभा राहिला, आत या म्हणाला नाही. मी सगळ्यांसमोर माफी मागायला तयार आहे म्हटलं. "कशाला?" म्हणाला. "लोक म्हणतील, बाईला मी फितवलं." दार लावून घेतलं. हळूच लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

३० मार्च

पंप चालू. महिना धरलाय १७ तारखेपासून.

मावशी जेवायला वाढते, बोलत नाही. लेक बोलते. तिला इंजिनाचं कुतूहल आहे. हवा कुठून जाते, फुटव्हॉल्व्हला जाळी का, असं विचारत बसते. डाव्या हाताची दोन बोटं तिला वळत नाहीत. मी कशाने झालं ते विचारलं. "दाराने," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दार लावलं त्यांनी. बोटं आत होती."

मला पहिल्या आठवड्यात ती बोटं दिसली होती. मला वाटलं होतं, जन्मापासून तशी असतील.

८ एप्रिल

ऑफिसातल्या साहेबांना फोन करून लेकीचं सांगितलं. ते फार सहानुभूतीने बोलले. स्थानिक कौटुंबिक बाबींत संस्था पडत नाही. शहरात बायकांसाठी एक वसतिगृह आहे, तिथे जागेसाठी ते शब्द टाकतील, पण दोन-तीन महिने तरी लागतील. तोपर्यंत? तोपर्यंत तुम्ही पंपावर लक्ष द्या, छान काम चाललंय तुमचं.

छान!

१४ एप्रिल

गावप्रमुखांनी माझ्या निरोपाचा समारंभ जाहीर केला. बातमी शेजारच्या गावात पोचायला किती वेळ लागतो? आज सासरकडून सांगावा आला. बाईंची गाडी गेली की आम्ही येतो, मुलीचं सामान बांधून ठेवा. आमचंही मन मोठं आहे, झालं गेलं विसरू. सांगावा आणणारा माणूस हसतमुख होता. मावशीने त्यालाही चहा दिला.

मग ती परसात गेली. पंपघराच्या भिंतीला हात टेकून उभी होती. आतून इंजिनाचा ताल अगदी एकसारखा येत होता. इतकं चांगलं इंजिन मी कधी लावलं नव्हतं.

१६ एप्रिल

लेकीने माझे कपडे धुतले, घड्या केल्या, बॅगेत भरले. नको म्हटलं तरी ऐकेना. शेजारी तिचं गाठोडं बांधलेलं, माझ्या बॅगेपेक्षा लहान.

"ताई, तुमच्या घरी तुमच्या खोलीला आतून कडी आहे?"

आहे म्हटलं.

"आणि ती बाहेरून कोणी काढत नाही?"

नाही म्हटलं.

"बरंय," म्हणाली आणि बॅगेची चेन लावली.

१७ एप्रिल

महिना पूर्ण झाला. गाडी उद्या येणार. रेंज पंपघराच्या ओट्यावरच येते, म्हणून तिथून साहेबांना फोन लावला. सांगितलं, पंप काल पुन्हा बंद पडला. दोष सापडत नाही. महिना पहिल्यापासून धरावा लागेल, गाडी पाठवू नका. त्यांनी विचारलं, मग मागे आवाज कसला येतोय?

म्हटलं, पिठाच्या गिरणीचा.

गावात गिरणी नाही.