उन्हं आल्यावर निघायचं

बाबा, जानेवारीत मी धाकट्या भावाला घेऊन हिमाचलात चाललोय. फिरायलाच. पाच दिवस, भाड्याची गाडी, चालवणार मी. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, तिकडं कोण वारलं म्हणून, कारण आपल्या घरातून कुणी लांब निघालं की एक तर लग्न असायचं नाही तर मयत. तर कुणी वारलेलं नाही. धाकट्याला बर्फाचे डोंगर पाहायचे आहेत, आणि ते याच हिवाळ्यात पाहायचे आहेत, कारण पुढच्या हिवाळ्याची खात्री डॉक्टर देत नाहीत. त्याला काचबिंदू आहे. तुम्हाला होता तोच. डावा डोळा जवळपास गेलाय, उजवा कडेकडून मिटत चाललाय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची, एवढंच त्या औषधाचं काम. हे मी तुम्हाला काय सांगतोय म्हणा.

दिवाळीत मी अमरावतीहून अकोल्याला गेलो तेव्हा त्यानं हे काढलं. जुन्या शहरातलं आपलं घर तसंच आहे, फक्त खाली त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि आता गिऱ्हाइकाला बटण-वायर काढून द्यायला त्याची बायको उभी राहते. फराळाची ताटली पुढं होती. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसला होता, लहानपणी वेचायचा तसेच, आणि मान वर न करता म्हणाला, "भाऊ, मले बर्फ पाहाचा हाये. मोबाईलवर नाही. पुरा डोंगर, इकडून तिकडून." मी म्हटलं, पाहू. तुमचाच शब्द. तुम्ही 'पाहू' म्हणालात की ते काम होणार नाही हे आम्हाला कळायचं, आणि त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो परत शेंगदाणे वेचायला लागला. मग मात्र मला राग आला, स्वतःचाच, आणि मी तिथंच बसून नागपूर ते दिल्ली विमानाची तिकिटं पाहायला घेतली.

त्याच्या बायकोला हे अजिबात पटलं नाही. मी निघताना ती मागच्या दारी आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी नाही म्हना. तुमचं आयकतात ते." तिचं म्हणणं साधं होतं. त्याला आपल्याच गल्लीतली नाली दिसत नाही, तो बर्फावर कसा चालणार? हाड मोडून घरी आला तर आधीच अर्धा आंधळा झालेला नवरा पलंगावर पडून राहील, आणि ते तिलाच निस्तरावं लागेल. यातलं काही खोटं नाही. मी तिला एवढंच म्हटलं की नाही म्हणणं सोपं आहे, पण दोन वर्षांनी तो आपल्याला काही म्हणणार नाही, नुसता बसून राहील, आणि ते मला सहन होणार नाही. तिनं पदर डोळ्याला लावला आणि आत गेली.

आता नियोजनाची गंमत ऐका. आपण वऱ्हाडातली माणसं, प्रवास म्हटला की पहाटे चारला निघायचं हे रक्तात. ऊन चढायच्या आत अर्धा रस्ता कापायचा. तुम्ही आम्हाला मूर्तिजापूरला मामाकडे न्यायचात तेही कोंबडं आरवायच्या आधी, आणि आई शिदोरीत कांदा ठेवायची, ऊन लागू नये म्हणून. मी दिल्ली ते चंदीगड, चंदीगड ते नारकंडा, नारकंडा ते कल्पा आणि परत असा सगळा आराखडा काढला, मोठ्या कौतुकानं, आणि रोजच्या रकान्यात लिहिलं, पहाटे चारला प्रस्थान. मग कल्प्याच्या ज्या घरी उतरायचंय त्या गृहस्थांना फोनवर वाचून दाखवलं. ते इतके हसले की मागे त्यांच्या बायकोनं काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. म्हणाले, "साहब, पहले धूप आने दो, फिर निकलो." रात्री रस्त्यावर पाणी गोठतं, त्याची काचेसारखी साय धरते, ती डोळ्यांनाही दिसत नाही आणि चाकांनाही कळत नाही. दहाच्या आधी गाडी हलवायची नाही आणि सूर्य डोंगराआड जायच्या आत मुक्कामाला पोचायचं. म्हणजे तिकडं लोक उन्हाची वाट बघत बसतात, बाबा. मी हे धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग आपण जन्मभर उलटंच पळत होतो की काय. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी तो मनापासून हसला.

तेव्हापासून चिखलदरा डोक्यातून जात नाही. मी आठवीत असेन, तो तिसरीत. डिसेंबर होता. तुम्ही कोर्टातून रजा काढली, जी तुम्ही आजारपणातही काढत नसा, आणि आम्हाला एस.टी.नं घाटातून वर नेलं. सकाळी तुम्ही आम्हाला गोधडीसकट उठवून कड्यावर उभं केलंय. समोर नुसतं पांढरं धुकं. धाकटा थंडीनं रडतोय, मी कुरकुरतोय की काही दिसत नाही, परत चला. तुम्ही माझा दंड धरून म्हणता, "उभा राय. दिसते. धीर धर." आणि खरंच धुकं हळूहळू खाली बसतं, दरी उघडते, खाली गुरं तिळाएवढी दिसतात. मग तुमची परीक्षा सुरू होते. उजवीकडं काय आहे सांग. डावीकडं? त्याच्याही पलीकडं? मला त्या परीक्षेचा कंटाळा येतो. तुम्ही मात्र एकेक उत्तर ऐकून घेता, मान हलवता, आणि मान वळवून तिकडं बघत राहता.

त्यानंतर घरात तुमचा आवाज चढत गेला. बादली कोनं ठेवली मंधात, चप्पल कोनाची हाये, असं तुम्ही रोज ओरडायचात. आम्हाला वाटायचं, कोर्टातल्या कामाचा ताप आहे. तुम्ही भिंतीला हात लावून चालता, ते का, हे कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. यंदा धाकट्याच्या डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला, त्याच्या कडा पेन्सिलीनं काळ्या केल्या आणि म्हणाले, आधी हे जातं. मी त्या गोलाकडे बघत राहिलो आणि मला चिखलदऱ्याचा तो कडा दिसला. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? तुम्ही आमची परीक्षा घेत नव्हतात. तुम्हाला जे दिसत नव्हतं ते आमच्याकडून मागून घेत होतात. दवाखान्यातच माझे डोळे भरून आले, आणि धाकटा मलाच धीर द्यायला लागला.

मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. आढेवेढे न घेता म्हणाली, "मी पन येते. मांगं बसते. बर्फावर त्यांचा हात मी धरते, तुमी फक्त गाडी पाहा." मग तीच अमरावतीला, राजापेठेत आमच्याकडे आली, माझ्या बायकोला घेऊन चार दुकानं फिरली, रबरी तळाचे बूट घेतले, त्याच्यासाठी कानटोपी घेतली आणि ती घातल्यावर तो कसा माकडासारखा दिसेल यावर दोघी खूप हसल्या. खोली अशी मिळालीय की खिडकीतूनच समोर सगळी रांग दिसते. धाकटा रोज फोन करून विचारतो, भाऊ, तिकडं आज बर्फ पडला का. मी मुद्दाम म्हणतो, पडतो आहे, तुझ्यासाठी थोडा बाजूला काढून ठेवायला सांगितलाय.

एवढं सगळं जमलंय. एकच गोष्ट कुणाला सांगितलेली नाही आणि हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणूनच लिहितोय. त्या दिवशी दवाखान्यात धाकटा चष्मा पुसत बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी मला थांबवलं. वडिलांना होता, भावाला आहे, तुम्हीही तपासून घ्या, उशीर करू नका म्हणाले. मी हो म्हणालो. घरी मी तपासून आलो असंच सांगितलंय. मी गेलेलोच नाही. काही निघालं तर गाडी माझ्या हातात कोण देईल, आणि मग त्याचं जाणं राहील, असं मी स्वतःला सांगतो. खरं कारण तेवढंच नाही. मला भीती वाटते, बाबा. सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभा राहतो, तळहातानं एकेक डोळा झाकतो आणि समोरच्या ट्यूशन क्लासची पाटी वाचून बघतो. आजही शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता आली. पण ती पाटी मला पाठ आहे.