लेकीचे चार सेकंद

४ जानेवारी, पहाटे ५.१०
पोहण्याच्या तलावाच्या काठावर. लेकीला खेळाडूंच्या राखीव जागेवर मोठ्या कॉलेजात घालायचं नक्की केलं. शंभर मीटर बॅकस्ट्रोक, तिची वेळ एक मिनिट बारा सेकंद. कॉलेजांना एक-आठ लागतं. चार सेकंद म्हणजे काय, शिंक आली तरी जातात. आजपासून रोज स्टॉपवॉच घेऊन मी हजर. लेक म्हणाली, बाबा, कोच आहेत ना. कोचला चाळीस मुलं. मला एकच.

७ जानेवारी
अकरा कॉलेजांच्या कोचना ईमेल केले, लेकीच्या नावाने. तिचा अभ्यासाचा वेळ वाचावा म्हणून. ‘पाणी हेच माझं जीवन’ हे वाक्य मलाच फार आवडलं. बायको म्हणाली, तिला दाखवा तरी. मी म्हटलं, सरप्राइज.

१९ जानेवारी
दहा जणांचं उत्तर नाही. अकराव्याचं आलं, मशीनने पाठवलेलं. पण भाषा आपुलकीची.

२ फेब्रुवारी
व्हिडिओ केला. काठावरून तिच्या बरोबरीने पळत शूटिंग. शेवटच्या वीस मीटरला घसरलो, कॅमेरा शेजारच्या लेनवर गेला. खपून जाईल. अकराही कोचना पाठवला.

६ फेब्रुवारी
एका कोचचं खरंखुरं उत्तर. विचारतात, शेजारच्या लेनमधली मुलगी कोण, तिचा नंबर मिळेल का. कळवलं नाही. परोपकारालाही सीमा असते.

१५ फेब्रुवारी
नऊ ईमेलनंतर त्याच कोचचा लेकीला फोन. स्पीकरवर. मी समोर बसून कागदावर उत्तरं लिहून दाखवत होतो. पोहायला का आवडतं, असं त्यांनी विचारलं. कागदाकडे न बघता ती म्हणाली, पाण्याखाली बाबांचा आवाज येत नाही. कोच बराच वेळ हसले. विनोदबुद्धी म्हणजे नेतृत्वगुणच. जागा पक्की समजायला हरकत नाही.

१० मार्च
निवड स्पर्धा. एक-चौदा. घड्याळ बिघडलेलं, दुसरं काय. तशी तक्रार केली. पंच म्हणाले, याच घड्याळावर पहिली मुलगी एक-सात आली. पहिली कोण, ते इथे लिहीत नाही. गाडीत लेकीला टर्नमधल्या चुका समजावल्या, घर येईपर्यंत. उतरताना पाहिलं तर तिचे डोळे लाल. क्लोरीन फार घालतात हल्ली.

२८ मार्च
कोचचं पत्र. जागा भरल्या, शुभेच्छा. सगळी वशिलेबाजी. बायकोला म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा. तिने लेकीकडे पाहिलं, लेकीने ताटाकडे.

१२ एप्रिल
लेकीला कॉलेज मिळालं. मार्कांवर. भूगर्भशास्त्र. माझ्या अकरांत ते नव्हतंच. फॉर्म मायलेकींनी डिसेंबरातच भरला होता. मला सांगायला बरी वेळ बघत होत्या म्हणे. मी सावरून विचारलं, तिथला तलाव किती मीटरचा.

बायको म्हणाली, तलाव नाही. फॉर्म भरण्याआधी लेकीने फोन करून तेवढी खात्री करून घेतली होती.