भिंतीला पाणी कोण मारतंय?

दि. ३ फेब्रुवारी, मंगळवार

घरच्या न्हाणीघराच्या भिंतीला वर्षभर पोट आलंय, तिच्याकडे बघायला तुला सवड नाही, आणि परक्या मुलखात शाळा बांधायला समुद्र ओलांडून गेलीस! जाताना मला काय सांगितलंस, तर ऑफिसच्या लोकांचं शिबिर आहे. विटांचं नाव काढलं नाहीस. परवा तुझ्या आईने फोटो दाखवला तेव्हा कळलं. आयुष्यभर मी घमेली वाहिली, मला नाही कुणी गळ्यात ओळखपत्र अडकवून विमानात बसवलं.

असो. चि. भिंगरीस आजीचा आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तुझी आईही ठीक, फक्त तुझा फोटो शेजारणींना दाखवून तिचं बोट झिजलंय. तुझ्या त्या टेकडीवरून बोलणं तुटतं म्हणून लिहिते आहे, ती कागदाचा फोटो काढून पाठवेल. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

आता फोटोचं. रस्त्याकडच्या भिंतीपुढे तुम्ही बारा जण दात काढून उभे आहात. भिंतीवर रंगाचे पंजे उमटवलेत. हौस दांडगी! पण ती भिंत पांढरीफटक कोरडी आहे आणि पायाशी ओलीचा ठिपका नाही. अगं, सिमेंट लावलं म्हणजे काम संपलं का? आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी पाजावं लागतं, नाहीतर आतून राख. मला एवढंच सांग, तिथे भिंतीला पाणी कोण मारतंय? आणि मधोमध तो मोठ्या टोपीवाला कोण?

एक काम कर. लोखंडी खिळा घे आणि दोन विटांमधल्या सिमेंटवर जोर लावून ओढ. नुसता ओरखडा उठला तर म्हातारी बडबडते म्हणून सोडून दे. भुकटी पडली तर त्याच दिवशी कळव.

लोभ असू द्यावा असं लिहितात. लोभ मागून मिळत नाही, उत्तर मात्र मी मागून घेणार.

आजी


दि. ६ फेब्रुवारी, शुक्रवार

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मला रागच आला. विटांचं नाव काढलं असतं तर तू निघू दिलं असतंस का? टोपीवाले म्हणजे आमचे शिबिरप्रमुख. त्यांना तुझं म्हणणं सांगितलं, तर ते म्हणाले की आजींना सांगा, त्यांच्या वेळचं सिमेंट वेगळं होतं. मग तुला खोटं पाडायला म्हणून मी खिळा घेतला.

आजी, रस्त्याकडच्या भिंतीतून मूठभर भुकटी पडली. मागे जाऊन ओढ्याकडच्या भिंतीवर ओढला, तर खिळ्याचं टोकच वाकलं. दोन्ही भिंती एकाच आठवड्यात, एकाच मालाने, आम्हीच बांधल्या आहेत.

आता लिहायची लाज वाटते ते लिहिते. ओढ्यापाशी एक म्हातारी बाई राहते. ती रोज घागर घेऊन यायची आणि आमच्या भिंतीवर ओतायची. आम्हाला वाटलं, हिचं डोकं जागेवर नाही. फोटोच्या जागी चिखल होतो, पंजांचा रंग ओघळतो, म्हणून आम्ही तिला हातवारे करून हाकललं. त्यात मी पुढे होते. वर तिचं नाव घागरवाली ठेवलं आणि हसलो. तेव्हापासून ती फक्त मागच्या भिंतीला पाणी घालते, कारण तिकडे कुणी फोटो काढत नाही. आम्ही तीन दिवस धबधबा बघायला गेलो होतो, तेव्हाही तिने खाडा केला नाही असं इथल्या मास्तरीणबाई मोडक्या इंग्रजीत सांगतात.

शुक्रवारी तेराला छप्पर चढणार, पंधराला पाहुणे येणार आणि सोळापासून चाळीस मुलं आत बसणार. टोपीवाले म्हणतात, वरून गिलावा मारला की काही दिसत नाही. मला ते पटत नाही, पण मी ना इंजिनियर ना इथली. मी कोण बोलणार?

आईला यातलं सांगू नकोस. रागावशील ते रागाव, पण माया आखडती घेऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. ८ फेब्रुवारी, रविवार

मी कोण बोलणार म्हणे! त्या बाईला हाकलताना नाही आठवलं, मी कोण म्हणून? भाषा येत नव्हती तरी हात बरे चालले!

चि. भिंगरीस आशीर्वाद, पण तो आज खालच्या रांगेत. आईपासून लपवू म्हणतेस, आणि कागदाचा फोटो काढतं कोण? तिने तुझं पत्र माझ्या आधी वाचलं. दोन वेळा बसली, तीन वेळा उठली.

माझा डावा खांदा वर होत नाही. जिन्यावरून पडले असं तुम्हाला सांगत आले. जिना नाही नि बिना नाही. तुझा बाप तेव्हा रांगत होता. एका गोदामाचं काम चाललं होतं, भिंतीला पाणी मारायला मी आणि आणखी एक जोडीदारीण. मोठे साहेब येणार, त्यांच्या बुटांना चिखल नको, म्हणून मुकादमाने चार दिवस आमचं पाणी बंद केलं. दोघींना कळत होतं. दोघी गप्प बसलो, म्हटलं आपण कोण बोलणार. पाचव्या दिवशी वर तुळया चढवल्या आणि भिंत बसली. मी कडेला होते म्हणून खांद्यावर भागलं. तिचं नाही भागलं. तिची घागर दोन दिवस तिथेच पडून होती, कुणी हात लावेना.

तर आता ऐक. गिलावा म्हणजे तोंडाला लावलेली पावडर, त्याने हाडं भरत नाहीत. उद्या सकाळी सगळ्यांसमोर खिळा त्या टोपीवाल्याच्या हातात दे आणि म्हण, तुम्हीच ओढा. मग विचार, छपराखाली त्या भिंतीला टेकून पाहुण्यांच्या खुर्च्या मांडणार की मुलांची बाकं? खुर्च्या मांडून तो स्वतः पहिल्या खुर्चीवर आठवडाभर बसणार असेल, तर मी माझं म्हणणं मागे घेते.

त्याआधी त्या बाईच्या दारात जा. भाषा येत नाही हे कारण मला सांगू नकोस. तिच्या हातातली घागर आपल्या हातात घे, तिला कळेल.

माया आखडती घेतलेली नाही. ती आहे म्हणूनच एवढी शाई नासली.

आजी


दि. १६ फेब्रुवारी, सोमवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं, पण तू म्हणालीस तसं झालं नाही. टोपीवाल्यांनी खिळा घेतलाच नाही. हात खिशात घातले आणि म्हणाले, शिबिराची शिस्त मोडू नका. माझा हात तसाच पुढे राहिला. मग मास्तरीणबाईंनी तो खिळा घेतला आणि मुलांच्या आई-बापांसमोर ओढला. भुकटी त्यांच्या चपलांवर पडली. त्या त्यांच्या भाषेत दोनच वाक्यं बोलल्या. मला कळली नाहीत, पण लोकांनी छपराच्या तुळया उचलल्या आणि आपापल्या अंगणात नेऊन ठेवल्या. तुळयाच नाहीत, तर छप्पर कसलं चढवणार!

दुसऱ्या दिवशी भिंत उतरवायला घेतली. हातोडा लागलाच नाही आजी, विटा हाताने सुटत होत्या. माझा पंजा असलेली वीट मी ओढली, तर ती कधी चिकटलेलीच नव्हती अशी हातात आली.

पाहुणे आले, तीन भिंतींपुढे फीत कापून गेले. आज बाकीचे अकरा जण निघाले. चौघं माझ्याशी बोलत नाहीत. टोपीवाल्यांनी सगळ्यांना प्रशस्तिपत्र दिलं, मला नाही. मी दहा दिवस रजा वाढवून इथेच राहिले आहे. गावचे गवंडी नवी भिंत उभारताहेत आणि पाणी मारायचं काम माझ्याकडे आहे.

घागर मी तू सांगितल्यासारखीच घेतली. तिने दिली नाही, आधी हिसकावून परत घेतली. तिसऱ्या दिवशी दिली. मी पाणी जोरात फेकलं, तर मनगटावर चापट बसली. वरच्या विटेवरून हळू सोडायचं, भिंत पिते तसं. काल तिने मला भिंतीपासून हातवारे करून हाकललं, अगदी माझी नक्कल, आणि सगळ्या बाया पोट धरून हसल्या. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं.

खांद्याचं इतकी वर्षं का नाही सांगितलंस? तुझा लोभ आहे हे माहीत आहे, तरी मागते.

तुझी,
भिंगरी


दि. १८ फेब्रुवारी, बुधवार

का नाही सांगितलंस, असं मलाच विचारतेस! या घरात कुणी विचारलं होतं? भिंत बघितली की सगळ्यांना रंग आठवतो.

चि. भिंगरीस आशीर्वाद. रडू नकोस, त्या पाण्याने भिंत भिजत नाही. प्रशस्तिपत्र मिळालं नाही ते बरं झालं, ते टांगायला या घरात धड भिंत आहे कुठे? आल्या आल्या न्हाणीघराची पाडायला घ्यायची. मी एका हाताने, तू दोन हातांनी. तुझी आई हे वाचतेच आहे, तिने सामान हलवायला लागावं.

त्या टोपीवाल्याचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. खिळा हातात घ्यायला त्याचं काय जात होतं? मुकादमही असाच खिशात हात घालून उभा होता.

आता शेवटचं. दहा दिवस भरले म्हणून तू छपराला हो म्हणायचं नाहीस. मास्तरीणबाईंनी नाही, गवंड्यांनीही नाही. खिळा त्या बाईच्या हातात द्यायचा. ती ओढेल, आणि ती म्हणेल तेव्हाच अंगणातल्या तुळया निघतील. ती नाही म्हणाली तर आणखी पाणी, आणि आणखी रजा.

म्हणून या पत्राला तू उत्तर लिहायचं नाहीस. उत्तर तिने द्यायचं. मास्तरीणबाईंना मधे बसव, आणि भिंत झाली की नाही हे ती सांगेल ते तिच्या शब्दांत उतरव. मला दोन शिव्या दिल्या तर त्याही उतरव. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं उत्तर आलं, तर मी ते उघडणार नाही.

आजी